कुत्रा विरुद्ध मांजर: वजन सारखं असेल तर भारी कोण?

कुंपणावरचा
प्रश्न पोरकट आहे, आधीच सांगतो. पण मित्रांच्या ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत आणि दोघांनी एकमेकांना ब्लॉकही केलंय, म्हणून इथे टाकतोय.

एक व्हिडिओ फिरतोय. उंबऱ्यावर मांजर बसलंय, समोर भलाथोरला कुत्रा. मांजर एक फटका ठेवून देतं आणि कुत्रा केकाटत मागे सरतो. एका तटाचं म्हणणं, मांजर हे मुळातच जास्त धोकादायक जनावर, कुत्र्याचं सगळं अंगच्या वजनावर चालतं. दुसरा तट म्हणतो, कुत्र्याने मनावर घेतलं असतं तर मांजराचा तिथल्या तिथे निकाल लागला असता.

मी पहिल्या तटाकडे झुकलोय. मांजराकडे नखं आहेत, सुळे आहेत, चपळाई आहे, अंधारात दिसतं, झाडावर चढता येतं. कुत्र्याकडे काय? जबडा आणि भुंकणं. तर वजन सारखं, जागा मोकळी, मालकबिलक कोणी मध्ये नाही. मारामारीत कोण जिंकेल? आणि शिकारी म्हणून सरस कोण?

प्राणीप्रेमींनी भडकू नये. कोणी कोणाला झुंजवत नाहीये, नुसता काथ्याकूट आहे.

मांजरपाट
वाघाची मावशी आहे ती. कुत्रा कोणाचा कोण लागतो? धागा संपला, सगळ्यांनी घरी जा.

पायवाट
@मांजरपाट, कुत्रा लांडग्याचा थेट वारस आहे. मावशी वगैरे लांबच्या नात्याची ओळख त्याला सांगावी लागत नाही.

पाणकावळा
पहिल्या दोन प्रतिसादांत रक्त निघालं. जागा धरून बसतो.

पायवाट
आता जरा सविस्तर. माझ्याकडे आलटून पालटून टेरियर जातीचे (उंदीर-घुशींच्या शिकारीसाठी जोपासलेले छोटे) कुत्रे राहिले आहेत, त्यामुळे ‘जबडा आणि भुंकणं’ वाचून हसू आलं.

व्हिडिओतला कुत्रा मागे सरला यात त्याची हार बघू नका. तो लढायला आलाच नव्हता. घरात वाढलेल्या बहुतेक कुत्र्यांना मांजराशी एकतर खेळायचं असतं, नाहीतर हुंगून चौकशी करायची असते. नाकावर फटका बसला की चौकशी संपते. शिकारीच्या नादाने अंगावर जाणारा कुत्रा वेगळा दिसतो: भुंकत नाही, शेपटी हलवत नाही, मान खाली, नजर एका जागी रुतलेली. अशा कुत्र्याच्या तोंडात लहान जनावर सापडलं की तो नुसता चावत नाही, मानेला हिसके देऊन ते झिंजाडतो. त्या हिसक्यांनी मणका तुटतो. माझ्या एका कुत्रीने घूस धरलेली मी हातभर अंतरावरून पाहिली आहे. पकडली, तीन-चार हिसके, खाली टाकली आणि लगेच पुढच्या बिळाशी जाऊन उभी. खाली पडलेल्या घुशीकडे तिने वळूनही पाहिलं नाही. मला ‘उचला आता’ अशा नजरेने बघत होती.

तिरकस
म्हणजे शिकार तिने करायची आणि उचलायचं तुम्ही. मालक कोण ते कळलं.

काजवा
प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकलेत, ते आधी सोडवू. मारामारी आणि शिकार या वेगळ्या गोष्टी. शिकारीत समोरच्याला पळून जायचं असतं, मारामारीत समोरचा उलटून चावतो. उत्तम शिकारी उत्तम लढवय्या असेलच असं नाही. किंबहुना शिकारी जितका एकटा, तितका तो मारामारी टाळतो.

आता शरीर बघा. मांजराला ३० दात, कुत्र्याला ४२. मांजराचं तोंड आखूड, दाढा कमी, पण सुळे लांब आणि टोकदार. उंदराच्या मानेवर बसताना ते दोन मणक्यांच्या फटीत शिरतात. आणि हे मांजर बघून करत नाही. नाकापुढच्या वस्तूवर त्याची नजर नीट स्थिरावतच नाही, साधारण वीतभरापेक्षा जवळचं त्याला अंधूक दिसतं. त्या क्षणी मिशा पुढे येतात, जवळजवळ जाळीसारख्या सावजाभोवती पसरतात आणि मान कुठे आहे ते त्या सांगतात.

पुढचे पाय हे मांजराचं खरं हत्यार. गळपट्टीचं हाड अगदी लहान आणि कशालाही न जोडलेलं, मनगट आत-बाहेर वळतं, त्यामुळे मांजर अक्षरशः मिठी मारू शकतं. पुढच्या पायाला पाच-पाच आणि मागच्याला चार-चार, अशी १८ नखं, चालताना म्यानात, म्हणून धार टिकते. कुत्र्याचा पाय धावण्यासाठी बनलाय. तो पुढे-मागे उत्तम हलतो, वळत नाही. त्यामुळे कुत्र्याला धरणं, फाडणं, ओढणं सगळं तोंडानेच करावं लागतं.

बदल्यात कुत्र्याला मिळालं काय? दम. स्लेज ओढणारे कुत्रे अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत सुमारे १,६०० किलोमीटर आठ-दहा दिवसांत काटतात. मांजराला तुम्ही जोरात पळवलंत तर काही क्षणांतच ते कपाटावर चढून तुमच्याकडे तुच्छतेने बघू लागतं.

मांजरपाट
तुच्छतेने बघायला पळवायची गरज नसते.

शेवंती
@काजवा, छान लिहिलंय. मांजराला जवळचं दिसत नाही हे वाचून कोडं सुटलं. आमच्या बोक्यापुढे खाऊचा तुकडा टाकला तरी तो हुंगत चाचपडत राहतो, आणि भिंतीवरची पाल मात्र खोलीच्या त्या टोकावरून हेरतो. आम्ही त्याला मंद समजत होतो.

कुंपणावरचा
@काजवा, म्हणजे हत्यारं मांजराकडे जास्त. मग सारख्या वजनात मांजर जिंकणार हे ठरलं ना?

उंटावरचा_वैद्य
ठरलं नाही. मी व्यवसायाने पशुवैद्य आहे (आयडी बघून घाबरू नका). टेबलावर जे येतं त्यावरून सांगतो.

कुत्र्या-मांजराच्या झटापटीनंतर कुत्रा येतो तो बहुतेक डोळा मिचकावत किंवा नाकावर ओरखडे घेऊन. चिडचिडलेला असतो, पण चालत येतो. मांजर येतं ते टॉवेलमध्ये गुंडाळून. वरून बघावं तर पाठीवर दोन-चार बारीक भोकं, रक्त फारसं नाही, मालक म्हणतात ‘थोडंसंच लागलंय’. केस काढून आत बघितलं की कातडी मांसापासून सुटलेली, स्नायू चिरडलेले, कधी बरगड्या मोडलेल्या, कधी फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली. हा झिंजाडण्याचा परिणाम, पायवाट यांनी वर्णन केलाय तोच. मांजराची कातडी सैल असते, सुळे कातडीतून जातात आणि आतला ऐवज हिसक्यांनी फाटतो. अशा मांजराला ‘बरं दिसतंय’ म्हणून घरी ठेवू नये.

यात अर्थात वजनाचा मोठा हात आहे. कुत्रा बहुधा मांजराच्या तिप्पट-चौपट तरी असतोच. पण एक गोष्ट वजनापलीकडची आहे. नखाच्या जखमा रुंद आणि वरवरच्या, जबड्याच्या जखमा खोल आणि चिरडणाऱ्या. नखं वेदना देतात, जबडा जीव घेतो. मांजरसुद्धा जीव घेताना तोंडच वापरतं, नखं धरून ठेवण्यापुरती.

अवांतर: मांजर माणसाला चावलं तर ‘बारीकच आहे’ म्हणून सोडू नका. सुळा सुईसारखा खोल जातो, भोक लगेच मिटतं, जंतू आत राहतात. हात सुजेपर्यंत वाट बघायची नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेबीजची लस मांजराच्या चाव्यालाही लागते, ती फक्त कुत्र्याची मक्तेदारी नाही.

अजाण_बालक
मांजर पाठीवर पडतं म्हणजे शरण आलं ना? कुत्रा पडतो तसं?

उंटावरचा_वैद्य
उलट. ती मांजराची सर्वांत घातक बैठक आहे. चारही पाय मोकळे, तोंड मोकळं. पुढच्या पायांनी धरायचं आणि मागच्यांनी पोट खरवडून काढायचं. पोट दाखवलं म्हणून कुरवाळायला गेलेले हात मी भरपूर बघितलेत.

पाणकावळा
(हाताकडे बघत) कळलं.

तिरकस
मांजरपक्षाला एक प्रश्न. पन्नास-साठ किलोचा प्यूमा, अमेरिकेतलं थोरलं रानमांजर. हरणाची मान मोडणारा. त्याच्यामागे पंचवीस किलोचा शिकारी कुत्रा भुंकत लागला की तो काय करतो? झाडावर चढून बसतो. उत्तर अमेरिकेत प्यूमाला गाठण्याची रीतच ही आहे: कुत्रे सोडायचे, ते त्याला झाडावर चढवतात. गळ्यात रेडिओ कॉलर बांधणारे संशोधकही हीच युक्ती वापरतात. आता सांगा, हत्यारांचा एवढा साठा असून काय उपयोग?

मांजरपाट
शहाणपणाला भित्रेपणा म्हणायची पद्धत कुत्र्याच्या मालकांनीच पाडली.

काजवा
@तिरकस, उदाहरण अचूक, निष्कर्ष कच्चा. प्यूमा त्या कुत्र्याला मारू शकतो, आणि एकटा सापडला तर मारतोही. प्रश्न असा की मारताना त्याला काय लागेल. पंजा लचकला किंवा सुळा तुटला की एकट्या शिकाऱ्याचं पोट बंद. त्याला कोणी आणून देत नाही. कळपातल्या लांडग्याचं तसं नाही. आफ्रिकेतले रानकुत्रे तर जखमी सोबत्यासाठी खाल्लेलं मांस परत ओकून देतात. थोडक्यात, जखमेची किंमत दोघांना वेगवेगळी मोजावी लागते. म्हणून मार्जारकुळातली जनावरं आधी फिसकारतात, पाठीची कमान करतात, शेपटी फुलवून दुप्पट दिसतात, फटका मारतात आणि वाट मिळाली की निघून जातात. मांजर लढतं ते समोरच्याला लांब ठेवण्यासाठी. ते अंतर मिळालं की त्याच्या दृष्टीने काम झालं.

सिंह तेवढा अपवाद. तो कळपात राहतो आणि भांडतोही दणकून.

पाणकावळा
थोडक्यात मांजराचा मेडिक्लेम नाही आणि कुत्र्याचा फॅमिली फ्लोटर आहे.

शेवंती
हसून हसून पुरेवाट!

पायवाट
@काजवा, हे पटण्यासारखं आहे, पण त्यातून कुत्र्याचीच बाजू भक्कम होते. कुत्र्याचं हत्यार म्हणजे दुसरा कुत्रा. तुम्ही ‘एकास एक’ अशी अट घातलीत तेव्हाच त्याचं अर्धं शस्त्रागार काढून घेतलंत. मांजराला नखं कापून उतरवा आणि मग विचारा कोण भारी.

कुंपणावरचा
अट मी घातली कारण दहा कुत्रे विरुद्ध एक मांजर याला सामना म्हणत नाहीत.

पायवाट
कोळसुंद्यांना (आपल्याकडच्या रानकुत्र्यांना) सांगून बघा. ते पंधरा-वीस किलोचे, पण टोळीने आले की बिबट्यासुद्धा झाड गाठतो.

मांजरपाट
आणि एकटा कुत्रा दिसला की बिबट्याचं जेवण होतं, तेही लिहा. लोकवस्तीच्या आसपास राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेत कुत्र्यांचे अवशेष सर्रास सापडतात. रशियाच्या अतिपूर्वेला तर जिथे वाघ वाढले तिथून लांडगे जवळजवळ नाहीसे झाले.

तिरकस
वाघाचं आणि लांडग्याचं वजन सारखं करून मग बोला. धागालेखकाची अट आहे.

सरपण
मी शिकारीबद्दल बोलतो, मारामारीत रस नाही. उंदीर मारण्यात मांजराचं नाव उगाच मोठं झालंय. १८२३ साली लंडनमध्ये बिली नावाच्या टेरियर जातीच्या कुत्र्याने पैज लावलेल्या लोकांसमोर खड्ड्यातले १०० उंदीर साडेपाच मिनिटांत मारले होते. खेळ क्रूर होता आणि पुढे बंद झाला ते चांगलंच झालं, पण वेग बघा. एका उंदराला साडेतीन सेकंदही नाहीत. मांजर तेवढ्या वेळात ठरवतही नाही की उठावं की नाही.

मांजरपाट
स्कॉटलंडच्या ग्लेनटरेट मद्यनिर्मितीशाळेतली टाउजर मांजर. १९६३ ते १९८७ या आयुष्यात २८,८९९ उंदीर, गिनीज विक्रम, आणि तिथे तिचा पुतळा आहे. बिलीचा पुतळा कुठाय?

सरपण
तो आकडा मोजलेला नाही. काही दिवसांचा नमुना घेऊन आयुष्यभराचा गुणाकार केलेला आहे. आणि ते छोटे उंदीर, घुशीसारखे धटिंगण नव्हेत. तिथेच तर गोम आहे. न्यूयॉर्कमध्ये एका कचरा पुनर्वापर केंद्रात दीडेकशे मोठ्या उंदरांची वसाहत होती, तिथे भटक्या मांजरांवर संशोधकांनी कॅमेरे लावले. २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. ७९ दिवसांत दबा धरण्याचे २० प्रसंग, मारायचा प्रयत्न ३ वेळा, मेले २. उंदरांनी फक्त एवढं केलं की मांजर असताना बाहेर यायचं कमी केलं. लोकांना उंदीर दिसेनासे झाले, त्यांनी श्रेय मांजरांना दिलं.

पायवाट
वाचनखूण साठवली. हा प्रतिसाद फ्रेम करून लावणार.

काजवा
दोन्ही खरं आहे आणि कारणही साधं आहे. मांजराला परवडणारं सावज त्याच्या स्वतःपेक्षा बरंच लहान असतं. लहान उंदीर, सरडे, छोटे पक्षी. दणकट घूस उलटून चावते, मग वर सांगितलेला जखमेचा हिशेब सुरू होतो. टेरियरला माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून असं घडवलंय की तो हिशेब त्याच्या डोक्यात येतच नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे. लांडग्याची शिकार ही साखळी असते: हेरणं, रोखून बघणं, दबकत जाणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडणं. माणसाने वेगवेगळ्या जातींमध्ये यातल्या वेगवेगळ्या कड्या ठळक केल्या आणि बाकीच्या पुसट केल्या. बॉर्डर कॉली रोखून बघतो आणि दबकत जातो, पण मेंढी मारत नाही. पॉइंटर हेरून जागीच थिजतो. रिट्रीव्हर तोंडात धरून आणतो, दात न लावता. त्यामुळे ‘कुत्रा शिकारी म्हणून कसा’ याचं उत्तर ‘कुठला कुत्रा’ विचारल्याशिवाय देता येत नाही. मांजराची साखळी मात्र जवळजवळ अखंड राहिली. माणसाने कुत्रा निदान १४-१५ हजार वर्षं सोबत ठेवला आणि कामाला लावला. मांजर धान्याच्या कोठारापाशी उंदरांसाठी आलं, काम आधीच येत होतं, शिकवायची वेळच आली नाही. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडलंय.

मांजरपाट
काम आधीच येत होतं. कुत्रेवाल्यांनी हे वाक्य तीनदा वाचावं.

खारुताई
सगळे गमतीत चाललंय म्हणून एक गंभीर गोष्ट. मांजर ‘कमी प्रतीचा’ शिकारी आहे असं वाटत असेल तर पक्ष्यांना विचारा. अमेरिकेपुरता २०१३ चा अंदाज असा: मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. सस्तन प्राणी त्याहून कितीतरी जास्त. जगभरात ६३ प्रजाती नामशेष होण्यात मांजरांचा वाटा धरला जातो, कुत्र्यांचा ११.

न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ साली दीपगृह सुरू झालं, सोबत मांजरं पोचली आणि तिथला जमिनीवर पळणारा चिमुकला रेन पक्षी वर्ष-दोन वर्षांत संपला. दीपगृहवाल्याच्या एकाच मांजरीने सगळे मारले अशी कथा सांगतात, प्रत्यक्षात बेटावर रानटी झालेली बरीच मांजरं होती.

सरपण
कुत्र्यालाही कमी लेखू नका त्यात. न्यूझीलंडमध्येच १९८७ साली वैतांगीच्या जंगलात एक मोकाट जर्मन शेफर्ड कुत्री काही आठवडे फिरत होती. संशोधकांनी ट्रान्समीटर लावलेले किवी पक्षी एकामागून एक मरायला लागले, तेव्हा कळलं. एकूण किवी मेले असतील त्यांचा अंदाज ५०० पर्यंत जातो. एकटी कुत्री. आणि ती भुकेपोटी मारत नव्हती.

खारुताई
तेच तर. पोट भरलेलं असणं आणि शिकार करणं यांचा दोघांतही फारसा संबंध नाही. घरचं मांजर तर ताटलीतलं अर्धं टाकून उठेल, पाल पकडेल आणि परत येऊन उरलेलं खाईल.

शेवंती
यावरून आठवलं. आमचा बोका उंदीर मारत का नाही लगेच? सोडतो, पकडतो, सोडतो. बघवत नाही. क्रूरपणा आहे का हा?

काजवा
क्रूरपणा म्हणणं म्हणजे आपली नीती त्याच्या डोक्यात घालणं. सावज मोठं किंवा चावरं असेल तेव्हा हा ‘खेळ’ वाढतो आणि मांजर भुकेलं असेल तर लवकर मारतं, असं प्रयोगांत दिसलंय. मानेशी तोंड न्यायचं म्हणजे स्वतःचा चेहरा उंदराच्या दातांपुढे न्यायचा. आधी दमवलेलं बरं. तुमच्या बोक्याचं पोट भरलेलं असणार आणि उंदीर तिखट असणार.

खारुताई
@शेवंती, शिकार कमी करायची असेल तर इंग्लंडमधल्या घरांत २०२१ साली छापून आलेला अभ्यास उपयोगी आहे. धान्य नसलेलं, भरपूर मांसाचं खाणं दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं दोरीला बांधलेल्या पिसाशी खेळवलं तर २५ टक्क्यांनी. गळ्यात घंटा बांधून मात्र फरक पडला नाही.

पाणकावळा
म्हणजे उंदरांची ती ऐतिहासिक सभा फुकट गेली.

तिरकस
सभेत कोणी ना कोणी म्हणालंच असणार की आधी समिती नेमा, घंटेची परिणामकारकता तपासा.

अजाण_बालक
मग जगात सगळ्यात यशस्वी शिकारी कोण? सिंह?

काजवा
सिंह नाही. त्याचे चारांत एखादा, फार तर तीनांत एखादा प्रयत्न सफल होतो. वाघाचे बहुतेक फसतात. लांडग्याचे आकडे तर मोठ्या सावजाबाबत केविलवाणे आहेत. अमेरिकेतल्या आयल रॉयल बेटावर १९६० च्या आसपास विमानातून केलेल्या निरीक्षणांत लांडग्यांनी हेरलेल्या १३१ मूस हरणांपैकी ६ मारली गेली.

यादीतल्या वरच्या नावांत एक मांजराचं आहे, पण ज्याची कोणी आठवण काढत नाही त्याचं. दक्षिण आफ्रिकेतलं काळ्या पायांचं रानमांजर. वजन जेमतेम दीड-दोन किलो, घरच्या मांजराहून लहान. रात्रभर कोस न्‌ कोस चालतं, एका रात्रीत दहा-चौदा उंदीर-पक्षी मारतं, यशाचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास.

पायवाट
आणि आफ्रिकन रानकुत्रे? त्यांचे आकडे याहून वरचे वाचलेत.

काजवा
हो, टोळी मोजली तर कित्येक ठिकाणी ६० च्या वर. पण बोट्स्वानातल्या ओकावांगो भागात प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात यंत्र बांधून बघितलं, तेव्हा एकेका कुत्र्याच्या एकेका पाठलागाचं यश जेमतेम १५-१६ टक्के निघालं. पाठलाग लांबलचक नव्हते, डावपेचांचा समन्वयही फार दिसला नाही. प्रत्येकजण आपापला पळतो, एकाला मिळतं, सगळे खातात. पुन्हा तोच फॅमिली फ्लोटर.

पाणकावळा
माझ्या विनोदाला शास्त्रीय मान्यता मिळाली. नोंद घ्यावी.

सरपण
नाकाचं कोणी बोललं नाही. दिसत नाही त्या सावजाचा माग काढायचा असेल तर मांजर स्पर्धेतच नाही. कालचा वास धरून आज पोचणारं जनावर कुत्राच.

मांजरपाट
कानाचंही बोलू मग. कुत्र्याला सेकंदाला साधारण ४५ हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६४ हजारांपर्यंत. उंदरांची पिल्लं बिळात ज्या पट्टीत चिवचिवतात ती मांजराला ऐकू येते. माग काढायला गावभर हिंडायचं कशाला, बिळापाशी बसावं.

कुंपणावरचा
धागा भलताच रंगलाय, पण माझा मूळ प्रश्न गावभर हिंडून आला. वजन सारखं, एकास एक, मोकळं मैदान. कोणीतरी बोट ठेवून सांगा की. दोघा मित्रांना अनब्लॉक करायचंय.

काजवा
मोकळं मैदान ही तुमची अटच मांजराच्या विरोधात जाते. दबा धरायला आडोसा नाही, चढायला झाड नाही, पाठीशी भिंत नाही. तरीही सारख्या वजनात पहिल्या अर्ध्या मिनिटाची पैज मी मांजरावर लावेन. पंजा जबड्याच्या आधी पोचतो आणि मिठी मारून मान धरायची सोय मांजराकडेच आहे. प्यूमांनी एकट्या लांडग्याला मारल्याच्या नोंदी आहेत, त्यात वजनाचा फरकही फार मोठा नसतो. अर्ध्या मिनिटात निकाल लागला नाही तर मात्र मांजर दमतं, आणि कुत्रा तेव्हा कुठे गरम होत असतो.

पायवाट
मला हे मान्य नाही. सारख्या वजनाचा म्हणजे चार किलोचा कुत्रा घेतलात तर ती खेळण्यातली जात असणार, माणसाने मांडीवर बसण्यासाठी बनवलेली. तिला मांजर हरवणारच. वीस किलोवर आणलंत तर घरचं मांजर नाही, लिंक्स (मोठ्या जातीचं रानमांजर) आणावा लागेल, म्हणजे तुम्ही रानटी जनावर आणलंत आणि समोर पाळीव उभं केलंत. तुल्यबळ जोडी लागतच नाही. पाच-सहा किलोचा कामाचा टेरियर आणि तेवढाच बोका, ही एकच खरी जोडी, आणि तिथे मी टेरियर म्हणेन. त्याला मागे सरायचं कळत नाही.

मांजरपाट
बोकाही मागे सरत नाही. बाजूला सरतो. मग वर चढतो. मग तुमचा टेरियर रात्रभर झाडाखाली भुंकतो आणि शेजारी तुमच्या दारात येतात. विजेता कोण?

तिरकस
शेजारी.

उंटावरचा_वैद्य
मित्रांना सांगा, पहिला वार मांजराचा, शेवटचा चावा कुत्र्याचा. आणि प्रत्यक्षात दोघं भिडलीच तर मध्ये हात घालू नका, मांजराला कडेवर तर अजिबात उचलू नका. ते तुमच्या खांद्यावरून डोक्यावर चढेल आणि कुत्रा तुमच्या अंगावर उडी मारेल. मध्ये फळी, गादी, उघडलेली छत्री, जे मिळेल ते सरकवा, किंवा जाड चादर टाका. मांजराला उंच जागा आणि कुत्र्याला बंद दार मिळालं की बहुतेक भांडणं तिथेच मिटतात. दोन्ही घरात असतील तर मांजराला कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशी एक तरी वाट कायम उघडी ठेवा.

शेवंती
डॉक्टर, आमच्याकडे दोन्ही आहेत. दुपारी कुत्र्याने बोक्याच्या वाटीत तोंड घातलं आणि बोक्याने एक ठेवून दिली. तेव्हापासून कुत्रा डावा डोळा अर्धवट मिटून बसलाय, पंजाने चोळतोय, पाणी येतंय. मागच्या वर्षी त्याच्या डोळ्यासाठी दिलेले थेंब घरात आहेत. ते टाकून उद्यापर्यंत वाट बघू का? जेवलाय व्यवस्थित.

उंटावरचा_वैद्य
नको. ते थेंब टाकू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर ओरखडा असेल तर जखम चिघळते. डोळा मिटून ठेवणं म्हणजे दुखतंय, जेवण्यावर जाऊ नका. नखाचा ओरखडा साध्या डोळ्यांना दिसतोच असं नाही, रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात बघावं लागतं. कधी नखाचं टोक आत तुटून राहतं. चोळू नये म्हणून गळ्यात कॉलर घाला, नसेल तर कोणाला तरी शेजारी बसवा, आणि आजच दाखवा. रात्र झाली तरी.

शेवंती
निघालो. बोका फ्रिजवर बसून बघतोय सगळं.